दिलीपचा रांजण आणि माझी कात्री

दिलीपच्या मुलीचा, ईशाचा, फोन आला तेव्हा मी बसच्या वरच्या मजल्यावर बसले होते आणि चिडलेली होते. रस्त्याचं काम चालू म्हणून बस एकाच सिग्नलला पंधरा मिनिटं उभी, आणि मी मनातल्या मनात बर्मिंगहॅमच्या कौन्सिलचा उद्धार करत होते. फोन घेतला तर ईशा म्हणाली, "मावशी, बाबा गेला. सकाळी. झोपेतच." मी म्हटलं, येते. एवढंच. खाली गेले तर ड्रायव्हर स्टॉपशिवाय दार उघडेना. मी त्याला सांगितलं की माझा मित्र गेलाय, मला इथेच उतरू दे. त्यानं काचेमागून खरंच वाईट वाटल्यासारखं तोंड केलं आणि इथल्या लाडिक पद्धतीनं म्हणाला, सॉरी बॅब, रूल्स आहेत. मग मी त्या बंद दारापाशी दांडा धरून उभी राहिले. दिलीप गेला होता आणि मला बसमधून उतरतासुद्धा येत नव्हतं...

याला आता सात आठवडे झाले. मधल्या काळात मराठी मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. डॉक्टर मंडळी बोलली, दिलीप किती शांत भूलतज्ज्ञ होता, ऑपरेशनच्या आधी घाबरलेल्या पेशंटशी कसा गप्पा मारायचा, सगळं खरंच होतं. मलाही बोलायला दोनदा खुणावलं गेलं. मी ज्या हॉस्पिटलात सिस्टर होते तिथे तो रजिस्ट्रार म्हणून आला, तेव्हापासूनची आमची ओळख. तो, त्याची बायको शुभा आणि मी, आम्ही सणवार एकत्र केले, ईशाचं बारसं माझ्या घरी झालं. माझ्याइतकं त्याच्याबद्दल बोलायला कुणाला होतं? पण मी उठले नाही. उठले असते तर मला एकच गोष्ट सांगावी लागली असती. दिलीपला जाण्याआधी एक शेवटची वाइन करायची होती, आणि तिची द्राक्षं मी कापून टाकली.

वाइन म्हटल्यावर वाचणाऱ्यांपैकी काहींच्या भुवया वर जातील, म्हणून आधी ते सांगते. दिलीप सोलापूरचा, घर सोवळ्यातलं, वडील शाळामास्तर. भारतात जागा मिळाली नाही म्हणून तो डॉक्टरकी शिकायला त्या काळच्या सोव्हिएत जॉर्जियात गेला. सुट्टीत सगळी मुलं घरी जायची, याच्याकडे तिकिटाची सोय नव्हती. मग वर्गातल्या एका मित्रानं त्याला आपल्या गावी नेलं, काखेती भागात. तिथे मित्राचे आजोबा होते, वानो काका. घरामागे जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले मोठमोठे मातीचे रांजण, आतून मधमाश्यांचं मेण लावलेले. त्यांना ते क्वेव्री म्हणतात. त्यात द्राक्षं सालीबियांसकट घालायची, आंबणं शांत झालं की वर झाकण, झाकणाभोवती ओल्या मातीचं लिंपण, आणि वसंतापर्यंत हात लावायचा नाही. हजारो वर्षं हेच चाललंय म्हणे. दिलीप सांगायचा, "सुनंदा, पहिल्या दिवशी मला वाटलं ही माणसं धान्याचं पेव उघडतायत." सोलापूरच्या पोराला त्याशिवाय काय आठवणार.

त्या देशात म्हणे द्राक्षाच्या शेकड्यांनी देशी जाती होत्या, एकेका खोऱ्याची वेगळी. सरकारनं भरपूर पिकणाऱ्या चारदोन ठेवल्या आणि बाकीच्या मळ्यांतून उपटल्या. राहिल्या त्या लोकांच्या परसात. वानो काकांच्या परसातल्या वेलाला नावच नव्हतं. साफेरावी नावाची त्यांची प्रसिद्ध काळी जात आहे, जिचा गरसुद्धा लाल असतो. हा वेल तिचाच कुणीतरी चुलत असणार, असा दिलीपचा अंदाज. काका नुसतं म्हणायचे, आमच्या आजोबांची. पुढे शुभा गेली, त्यानंतर दिलीप एकटाच तिकडे जाऊन आला. काका कधीच वारले होते, घर विकायला काढलं होतं. तो येताना त्या वेलाची एक काडी ओल्या मोज्यात गुंडाळून, बुटात घालून घेऊन आला. कायद्यानं साफ चूक. आयुष्यात सिग्नल न मोडलेला माणूस, पण ते त्यानं केलं. पुढच्या वर्षी कळलं की नव्या मालकानं परस फोडून गाड्या लावायला फरशी घातली. म्हणजे तो वेल जगात आता एकच, बर्मिंगहॅममध्ये, कौन्सिलकडून भाजी लावायला भाड्यानं मिळालेल्या अलॉटमेंटच्या तुकड्यावर, एका प्लास्टिकच्या पॉलिटनेलमध्ये.

तिथेच त्यानं रांजण पुरला. कुठल्याशा जॉर्जियन ट्रकवाल्याकरवी मागवलेला, लहानसाच, माझ्या कमरेला लागेल एवढा. अलॉटमेंटच्या सेक्रेटरीनं विचारलं की खड्ड्यात काय आहे, तर हा गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, पारंपरिक जलसाठा. दर ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही तिघं जमायचो, तो, स्लाऊहून आलेली ईशा आणि मी. पाटीभर घड व्हायचे. हातानं चुरायचे, कोपरापर्यंत हात जांभळे. एप्रिलमध्ये रांजण उघडायचा, त्या वेळी पहिला पेला कुणी प्यायचा नाही. वानो काकांकडची रीत अशी की गेलेल्यांची नावं घ्यायची आणि पावाच्या तुकड्यावर चार थेंब सांडायचे. दिलीप वानो काकांचं नाव घ्यायचा, शुभाचं घ्यायचा, आणि मग न चुकता म्हणायचा, "आणि तासगावच्या आबांना." आबा म्हणजे माझे वडील. दोघांची कधी भेट नाही. पण आबा द्राक्षबागायतदार, म्हणून दिलीपच्या लेखी ते त्याच्या जातभाईंतले.

इथेच माझा माज आला. मी बागायतदाराची मुलगी. दिलीपनं काहीही सांगितलं की मी म्हणायची, द्राक्षातलं तू मला शिकवू नकोस. तो मला बागायतदारीणबाई म्हणून चिडवायचा. एकदा त्यानं विचारलं, "तुमच्याकडची मूळची जात कुठली गं?" मी थॉम्पसन म्हटलं, सोनाका म्हटलं, तर तो म्हणाला, त्या सगळ्या बाहेरून आलेल्या किंवा त्यांच्यातूनच काढलेल्या. मग मला आठवलं, आमच्या विहिरीजवळ भोकरीचे चार वेल होते, द्राक्षं जाड सालीची, बियांची, आंबटगोड. मी शाळेत असताना आबांनी ते उपटले आणि थॉम्पसन लावली. त्यात चूक काय होती? घर त्यावर चाललं, माझं नर्सिंगचं शिक्षण त्यावर झालं. पण दिलीपनं ते ऐकलं आणि चारही उपटले का, एवढंच विचारलं. मला त्याचा राग आला होता, आजही आठवतोय.

गेल्या जानेवारीत त्याचं वजन उतरायला लागलं. फेब्रुवारीत निदान झालं, स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. तो स्वतः डॉक्टर, त्याला कुणी गोड बोलून फसवणार नव्हतं. केमो घेतली तर कदाचित ख्रिसमस, असा हिशोब त्यानंच मला चहा गाळताना सांगितला. म्हणाला, त्याला एक ऑक्टोबर हवाय. आजवर ईशा यायची ती दिवसभर मजा करायला. या वेळी तो खुर्चीत बसणार, सगळं ती करणार. चुरणं, ढवळणं, केव्हा झाकायचं, माती किती ओली. यातलं काहीच लिहून ठेवलेलं नव्हतं. वानो काकांनी त्याला हात धरून शिकवलं होतं आणि त्याला ते तसंच पुढे द्यायचं होतं. दुसरं काही मागितलं नाही त्यानं. एक पीक.

एप्रिलमध्ये त्याला इन्फेक्शन झालं, वॉर्डात दाखल केला. गेल्या वर्षीची वाइन आम्ही मार्चअखेरीसच उपसली होती आणि त्याच्या नेहमीच्या सवयीनं त्यानं ती वाटून संपवलीही होती, पुढच्या वर्षी आहेच की, म्हणत... मला किल्ली देताना तो म्हणाला, वेलाकडे लक्ष ठेव. मी गेले. बघते तर वेलाची छाटणी अर्धवट! सगळ्या काड्या काढलेल्या, पण दोन लांबच्या लांब काड्या तशाच ठेवून तारेला आडव्या बांधलेल्या, त्यांवर बोटबोटभर कोवळे फुटवे. म्हटलं, बिचाऱ्याला पूर्ण करायचं त्राण राहिलं नाही. आमच्याकडे एप्रिल म्हणजे खरड छाटणी. सगळं खरडून एकेका डोळ्यावर आणायचं, पान असो फुटवा असो, दयामाया नाही. मग ऑक्टोबरात फळछाटणी. आबांच्या मागे कात्री घेऊन मी लहानपणी किती एप्रिल काढलेत. मी कात्री काढली, त्या दोन काड्या बुडापाशी कापल्या, खोडावर जे जे होतं ते आखूड केलं. कापल्या जागी पाणी टपटपत होतं. मी रांजणही पुन्हा एकदा घासून घेतला, कापलेलं पोत्यात भरून टिपवर, म्हणजे कौन्सिलच्या कचराडेपोत, टाकून आले, आणि इतकी खूश होते की घरी येऊन शिरा केला.

ज्यांना द्राक्षातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे ऊन बारा महिने, म्हणून वेलाला दोनदा छाटायचं, एकदा काडीसाठी, एकदा फळासाठी. जिथे बर्फ पडतं तिथे वेल हिवाळाभर झोपतो. त्याला एकदाच छाटायचं, झोपेत असताना, आणि वर्षाचं सगळं फळ येतं ते राखून ठेवलेल्या काड्यांच्या वसंतातल्या फुटव्यांवर. त्या दोन काड्या अर्धवट नव्हत्या. दिलीपनं जानेवारीत, पोटात दुखत असताना, थंडीत उभं राहून त्या निवडल्या होत्या, मोजून बांधल्या होत्या. मी पंधरा वर्षं त्या वेलापाशी जातेय, पण ऑक्टोबरात आणि फार तर रांजण उघडायला. जानेवारीत कधी गेले नाही. मला थंडी सोसत नाही.

जूनमध्ये ईशानं त्याला व्हीलचेअरवरून आणलं. मी आधीच येऊन थांबले होते, वेल हिरवागार झाला होता, आमच्याकडे खरडीनंतर होतो तसा, आणि मला शाबासकी हवी होती. ईशा गाडी लावायला परत गेली. दिलीप वेलाकडे बघत राहिला. पानं हातानं बाजूला करून आतलं खोड बघितलं. मग म्हणाला, "लांब काड्या कुठायत?" मी सांगितलं. बोलता बोलताच त्याच्या चेहऱ्यावरून मला कळायला लागलं की काहीतरी भयंकर झालंय, तरी माझं तोंड थांबेना, आबा असंच करायचे, आबा तसंच करायचे... तो म्हणाला, "कापलेल्या काड्या ठेवल्यास? पाण्यात?" मी म्हटलं, टिपवर टाकल्या. तेव्हा तो अगदी हळू म्हणाला, "सुनंदा, ते माझं शेवटचं पीक होतं."

त्यानंतर दोन आठवडे त्यानं माझा फोन घेतला नाही. लोकांना वाटतं मरणाऱ्या माणसाचं मन मोठं होतं. दिलीपचं झालं नाही आणि व्हायला हवं असं मला वाटतही नव्हतं. मी मात्र वेड्यासारखी धावत सुटले. दक्षिणेतल्या वाइनच्या मळ्यांना फोन केले, कुणाकडे साफेरावी तरी आहे का. एकाकडे होती, पण ती त्यांच्या वाइनलाच पुरत नव्हती. पार लंडनला, इल्फर्डजवळच्या एका पूर्व युरोपियन दुकानातून जॉर्जियन वाइनच्या बाटल्या आणल्या, त्या गाडीतच राहिल्या, त्याच्यापुढे न्यायची हिंमत झाली नाही. रोज पॉलिटनेलमध्ये जाऊन पानं उलटून घड शोधायची. वेलाशी भांडायची. मोठ्यानं. शेजारच्या तुकड्यावरची बाई एकदा विचारून गेली की मी ठीक आहे ना. मी ठीक नव्हते. पन्नास वर्षांपूर्वीची आबांची कात्री माझ्या हातात जिवंत होती आणि तिनं माझ्या मित्राचा शेवटचा ऑक्टोबर कापला होता, मी ठीक कशी असेन?

मग त्याचाच फोन आला. माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची चौकशी केली, हवेबद्दल बोलला, आणि शेवटी म्हणाला, "ईशाला मी सांगितलंय की मे महिन्यातल्या फ्रॉस्टनं फुटवे मेले. तूही तेच सांग. शुभा नाही, मीही नसणार. तिला तुझ्याशिवाय कोण आहे इथे?" मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसले.

ऑगस्टमध्ये, बाजूला फुटलेल्या एका काडीवर मला एक घड दिसला. एकच, उशिराचा, माझ्या मुठीएवढा. त्याच्यावर मी जाळी घातली, वरची पानं काढून ऊन आत सोडलं, दिवसाआड त्याचा फोटो दिलीपला पाठवला. तो फक्त अंगठा पाठवायचा. सप्टेंबरअखेर मण्यांना रंग चढला तेव्हा दिलीप हॉस्पिसमध्ये होता. मी एक मणी तोडून डबीत घालून नेला. तीच आमची शेवटची भेट. त्यानं तो तोंडात धरला, चावला. ओठावर लाल रस आला, तो मी टिशूनं पुसला. डोळे मिटून त्यानं चव बघितली, आणि त्या क्षणी तो आजारी दिसत नव्हता, कामात असलेला दिसत होता. म्हणाला, "कच्चा आहे. अजून तीन आठवडे. तोडू नकोस."

नऊ दिवसांनी तो गेला.

मी तोडला नाही. मोजून तीन आठवडे थांबले. त्या शनिवारी ईशा स्लाऊहून आली. घड काळाकुट्ट झाला होता, जाळीत शाबूत. ती त्याच्याकडे बघून हसली, त्या दिवसांतलं पहिलंच हसणं. तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "मावशी, एवढी फ्रॉस्ट झाला तरी हा वाचला. बाबाचा लक." मी गप्प राहिले असते तर चाललं असतं. दिलीपनं तसंच सांगून ठेवलं होतं. पण ती वेलावरून हात फिरवत होती, आणि ज्या खुंटांवरून फिरवत होती ते मीच केलेले होते. मी सांगितलं. फ्रॉस्ट नव्हता, मी होते. सगळं सांगितलं, काड्या, टिप, शिरासुद्धा. मधे ती एकदाच बोलली, "बाबाला माहीत होता?" मी म्हटलं, हो. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तिनं घड तोडला. बापासारखंच एका बाऊलमध्ये धरून अंगठ्यानं मणी चुरले, साली, बिया, सगळं. अर्धी वाटी झालं असेल. गुडघ्यावर बसून, हात आत घालून तिनं ते रांजणाच्या तळाशी ओतलं. एवढ्याशा रसाची एवढ्या रांजणात वाइन होत नाही, व्हिनेगर होतं, नाहीतर बुरशी. शिवाय लगेच बंदही करत नाहीत, आधी आंबू द्यावं लागतं. हे मला माहीत होतं, पण द्राक्षातलं कुणालाही काही सांगायचा माझा हक्क उरला नव्हता. तिनं झाकण ठेवलं आणि लिंपायला माती शोधायला लागली. बाकाखाली प्लास्टिकच्या पिशवीत एक गोळा होता, दिलीपनं गेल्या हिवाळ्यात मळून ठेवलेला. वाळून कडक झाला होता. त्यावर त्याची बोटं उमटलेली होती, चारही, आणि बाजूला अंगठा. ती ते बघत किती वेळ बसली सांगता येत नाही. मी म्हटलं, राहू दे, मी दुसरी माती आणते. तिनं मान हलवली. गोळा बादलीतल्या पाण्यात सोडला, भिजू दिला, आणि मऊ झाल्यावर दोन्ही हातांनी मळायला लागली. ठसे गेले. झाकणाभोवती तिनं माती गोल दाबत नेली, हात धुतले, माझ्याकडे न बघता गाडीत बसली आणि निघून गेली.

त्यानंतर तिचा फोन नाही. मी दोन मेसेज केले, ते वाचल्याचं दिसतं. कौन्सिलचं पत्र आलंय, मार्चअखेर तुकडा रिकामा करायचा आहे, वेटिंग लिस्टवरचं कुणीतरी येईल. जानेवारीत वेल पुरता झोपला की काड्या काढून रुजवायला हव्यात, त्याला कात्री लागेल, आणि माझी कात्री जूनपासून ड्रॉवरातून बाहेर निघालेली नाही. ईशाला मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही, त्यामुळे हे तिच्यापर्यंत पोचणार नाही.

हिवाळ्यात लिंपलेली माती सुकून तडकते, म्हणून दिलीप दर रविवारी फडकं ओलं करून ती शांतपणे दाबून यायचा. आता मी जाते. त्या रांजणात काही नाही हे मला चांगलं कळतं. मातीवर ईशाची बोटं उमटलीत, लांब, बापासारखी. मी फक्त भेगांना पाणी लावते. ठशांना हात लावत नाही.